बाभळीसमोरची माती

१

समुद्रापासून चारशे किलोमीटर आत असलेल्या धरणाच्या मातीत कालवाच्या शिंपल्याची कपची सापडली, तेव्हा बुधवारचे साडेअकरा वाजले होते.

दिंडोशीच्या त्या छोट्या माती-प्रयोगशाळेत गंधालीला लागून दीड वर्ष झालं होतं. भूशास्त्रात एम.एस्सी. करून ती इथे दिवसभर माती चाळायची, धुवायची, वाळवायची, वजन करायची. गावोगावची माती तिच्या हाताखालून जाई. ती गावं मात्र तिने कधी पाहिली नव्हती.

मोहदऱ्याहून सहा गोण्या आल्या होत्या. मोहदरा बुलढाण्याकडचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिथे मातीचं छोटं धरण बांधलं होतं. आता एका संस्थेच्या मदतीने त्याची भिंत चार फुटांनी उंच करायची होती, म्हणजे उन्हाळाभर गावाला नळाने पाणी मिळालं असतं. त्याआधी भिंतीची माती तेवढं पाणी पेलेल का, ते तपासायचं होतं. भिंतीच्या एका टोकापासून तीस-तीस मीटरवर, अशा सहा जागांची माती काढली होती. प्रत्येक गोणीवर अंतर लिहिलेलं होतं. चौथीवर होतं: साखळी १२०.

पाच गोण्या उत्तम होत्या. काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती. चौथीची माती रंगाला तशीच, पण नळाखाली चाळणीत धुताना खाली वाळू उरली आणि वाळूत ती नखाएवढी कपची चमकली.

गंधालीने लगेच काही ठरवलं नाही. तळ्याच्या मातीत गोगलगाईंची कवचं असतातच. आम्लाचा थेंब टाकला, कपची फसफसली, पण काळ्या मातीतली चुनखडीही तशीच फसफसते. मग तिने धुतलेल्या पाण्यातल्या क्षारांची मोजणी केली. चौथ्या गोणीचा आकडा बाकीच्यांच्या वीसपट आला. म्हणजे खारं पाणी. म्हणजे खाडी. म्हणजे मुंबई.

ती गोणीकडे गेली. आत अजून निम्मी माती होती. तिने गोणी आडवी केली आणि कडेने सुरीने उभी चिरली. बाकीच्या गोण्या चिरल्या असत्या तर ढेकळं घरंगळली असती. ही माती हलली नाही. कापलेल्या कडेवर एकाखाली एक आडव्या रेघा होत्या, वहीच्या पानासारख्या. तिने पट्टी लावली. प्रत्येक थर सात सेंटिमीटरचा, मिलिमीटरभर इकडेतिकडे.

टेंपोच्या हादऱ्यांनी माती खाली बसते, पण अशी ओळीत बसत नाही. कुणीतरी ही गोणी सावकाश, थराथराने भरली होती.

२

निहार सर प्रयोगशाळेचे मालक, स्वभावाने शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की सोपं आहे, नमुना दूषित असं लिही, परत मागव. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. नंतर एका जागेची माती परत आणायला चार दिवस पुरे.

"सर, पण कुणी का बदलली असेल?"

"ते पोलिसांचं काम. आपण मातीचे डॉक्टर."

तरीही त्यांनी तिला शुक्रवार सकाळपर्यंत वेळ दिला. तिची सही अहवालावर जाणार होती, हे त्यांना माहीत होतं.

पहिला संशय घरातलाच. किरण हा प्रयोगशाळेतला मदतनीस, हाताने चलाख, पण गोण्या उघड्या टाकण्याची त्याची सवय प्रसिद्ध होती, आणि त्याच टेबलावर गेल्या आठवड्यात खाडीकाठच्या एका बांधकामाची माती होती. किरण रागावला नाही, उलट नोंदवही घेऊन आला. सोमवारी गोण्या आल्या आल्या त्याने वजन केलं होतं. पाच गोण्या दहा किलोच्या आसपास. चौथी बारा किलो तीनशे, आणि पुढे त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात शेरा होता: ओलसर.

"आली तेव्हाच ओली होती मॅडम. एप्रिलमध्ये गावाकडून ओली माती कशी येईल, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. पण तुम्ही जेवायला गेलात ना."

म्हणजे अदलाबदल प्रयोगशाळेत येण्याआधीच झाली होती.

गोण्या आणल्या होत्या आकाशने. गावाच्या मुंबई मंडळाचा तो सचिव. अंधेरीत एका बांधकाम कंपनीत नोकरी करतो, राहतो नाहूरला आजी-आजोबांकडे. संध्याकाळी तो आला आणि चिरलेली गोणी पाहून खुर्चीवर बसूनच राहिला.

"वाट लागली," तो म्हणाला. मग फोन काढून तिला भिंतीचे फोटो दाखवू लागला, जणू ते धरण किती चांगलं आहे हे पटवून दिलं की माती आपोआप पास होणार होती. बांधकामावर त्याचे आजोबा भाऊराव मुकादम होते. लहानपणापासून आजोबांचं धरण ऐकत आला म्हणून तो सिव्हिलला गेला. भिंत उंच करायच्या कामाचं पहिलं घमेलं आजोबांच्या हातून टाकायचं, असं मंडळाने ठरवलं होतं. आजोबा मात्र येतो म्हणत नव्हते. पन्नास वर्षांत एकदाही गावी गेले नव्हते.

एका फोटोवर गंधालीचा अंगठा थांबला. भिंतीच्या पायथ्याशी सगळीकडे पिवळं रान, आणि एकाच जागी हिरवंगार गवत. मागे एका जुन्या बाभळीचा वाळका बुंधा.

"झकास आहे ना? तिथे मे महिन्यातसुद्धा हिरवं असतं. गावातली पोरं लग्नाचे फोटो तिथेच काढतात."

तिने तो फोटो मागून घेतला. मग विचारलं की हे काम होऊ नये असं कुणाला वाटतं का. आकाशने फोन खिशात ठेवला. मग त्याने चुलत भावाचं नाव घेतलं. प्रितम. पाणी वाढलं की प्रितमचं दीड एकर पाण्याखाली जाणार होतं. आणि सहाही गोण्या गावाहून मुंबईला प्रितमच्याच टेंपोतून आल्या होत्या.

३

प्रितमने फोन उचलला तो वाटेतूनच. गंधालीने कोण, काय ते सांगितलं. त्याने टेंपो बाजूला घेतल्याचा आवाज आला.

रान जाणार हे खरं, आपण मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर भांडलो हेही खरं, असं तो म्हणाला. पण शनिवारी संध्याकाळी नाहूरला गोण्या उतरवल्या त्या सहाही सुतळीने बांधलेल्या, आणि चहाही न घेता भिवंडीला माल भरायला गेला. तिथून रविवारी सुरतेला. टोलच्या पावत्या हव्या तर पाठवतो.

"आणि ताई, मला नापासच करायचं असतं तर मी एक कशाला, सहाच्या सहा बदलल्या असत्या ना. एवढी अक्कल आहे मला."

तोच खरा प्रश्न होता. सहातली एकच का? आणि नेमकी तीच का?

गुरुवारी सकाळी ती बसने नाहूरला गेली. आकाशने रजा टाकली होती. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि बाहेर गॅलरी, जिथे गोण्या शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत होत्या.

भाऊराव पंच्याहत्तरीचे, ताठ. हात मात्र वयापेक्षा मोठे वाटणारे. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः गॅलरीच्या दारात उभे राहिले. बोलल्या त्या शांताबाईच.

रविवारी दुपारी त्या विहारात गेल्या होत्या, आकाश क्रिकेटला. घरी एकटा म्हातारा. कुणी आलं होतं का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की याच्याकडे कोण येणार, हा कुणाशी बोलेल तर ना. मग तक्रारींचं पोतंच सुटलं. रविवारी कुठे फिरून आला कुणास ठाऊक, चपला चिखलाने भरलेल्या, पाऊस नाही पाणी नाही. त्या खरवडताना नखं तुटली. आणि त्या कुंड्या. आपण लावलेली मिरची मान मोडेस्तोवर फळते, याने लावलेलं एक झाड जगत नाही.

गंधालीने गॅलरीत पाहिलं. डाव्या बाजूच्या कुंड्यांत बाजारातली लाल माती, मिरची, कढीपत्ता, गवती चहा. उजव्या बाजूला तीन सुकलेली रोपं आणि कोपऱ्यात एक कुंडी, जिच्यात काहीच नव्हतं. फक्त माती. वाळून तिला तडे गेले होते, बोट जाईल एवढे.

तिने धरणाचा विषय काढला तशी शांताबाईंची कळी खुलली. लग्न होऊन तीन महिने झाले होते, दुष्काळ पडला आणि त्या कामावर गेल्या. भिंत उभी करायच्या आधी जमिनीत खोल चर खणायचा असतो, खाली कातळ लागेपर्यंत. कातळ लागला की मग चरात काळी माती भरत वर यायचं, म्हणजे पाणी भिंतीखालून पळत नाही. बाभळीसमोरचा चर फार खोल गेला. एक दिवस कड घसरली.

"कमरेपर्यंत गाडले गेले मी, पोरी. हसतेस काय? बारा बायांनी ओढून काढली. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. अजून त्या धरणात माझी एक चप्पल आहे."

"आणि धरण भरलं तेव्हा?"

शांताबाईंनी पदर सारखा केला. धरण भरलं त्या पावसाळ्यात ते दोघं मुंबईला आले होते. पाणी त्यांनी पाहिलंच नाही. दर वर्षी कुणीतरी गावाहून येई आणि सांगे की पाणी आभाळाएवढं दिसतं, बगळे येतात. त्या दर वर्षी म्हणत, चला ना एकदा. हा माणूस दर वर्षी म्हणे, पुढच्या साली.

"आपण घडवलेलं पाणी आपण बघू नये, असं कुठे असतं का?" त्या म्हणाल्या. तेव्हा त्या हसत नव्हत्या.

गंधाली निघाली. दारापर्यंत भाऊराव आले. एवढा वेळ गप्प असलेला माणूस, त्याने चप्पल घालणाऱ्या पोरीला हळूच एकच गोष्ट विचारली.

"मग आता तिथं खणतील ना?"

४

बस पवई ओलांडून गेली तेव्हा तिला तो प्रश्न उमगला.

घरातून माती बदलली गेली म्हटल्यावर माणूस विचारतो, कुणी बदलली? किंवा विचारतो, आता काम होणार की नाही? भाऊरावांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांना खणण्याची काळजी होती. आणि "तिथं" म्हणजे कुठे? गंधालीने घरात फक्त एक गोणी बदलल्याचं सांगितलं होतं. कुठली, ते सांगितलं नव्हतं. आकाशला तिने बजावलं होतं की आकडा घरी बोलू नकोस, आणि तो बोलला नव्हता.

दिंडोशीला उतरून ती तडक टेबलाशी गेली. माती काढणाऱ्यांनी जोडलेला नकाशा तिने उघडला. हाताने काढलेली भिंत, तिच्यावर सहा फुल्या. चौथ्या फुलीपाशी बारीक अक्षरात खूण: साखळी १२०, समोर जुनी बाभूळ.

आकाशच्या फोटोतली बाभूळ. तिच्या पायथ्याचं हिरवं गवत. उन्हाळ्यात कोरड्या रानात एकाच जागी गवत हिरवं असतं, ते खालून पाणी मिळतं म्हणून. त्या जागी धरण गेली पन्नास वर्षं झिरपत होतं. आणि तिथेच शांताबाईंची चप्पल होती.

मग कालवाची कपची. नाहूरच्या पूर्वेला हमरस्त्यापलीकडे इमारतींचे खड्डे खणले जातात, तिथे खाली खाडीचा काळा गाळ निघतो. चिखलाने भरलेल्या चपला.

सगळं एका माणसाकडे बोट दाखवत होतं आणि तेच तिला पटत नव्हतं. ज्या धरणाच्या नावावर माणूस जगला, नातू ज्याच्यासाठी शिकला, त्या धरणाची माती तो स्वतः नापास का करेल? आणि नापासच करायची, तर गोणीत चिखल नुसता कोंबायचा. तो मोजून थर देत का बसला?

एक गोष्ट मात्र तिला नक्की ठाऊक होती. तिने पुन्हा गोणी मागवली, तर बाभळीसमोरची वरची माती पुन्हा काढली जाईल. ती चांगलीच असणार, बाकी पाच जागांसारखी. अहवाल पास होईल. भिंत चार फूट वाढेल. जे काही चुकलं होतं ते वर नव्हतं, खाली चरात होतं, जिथे कुणी नमुना घ्यायला जाणारच नव्हतं. नकाशात भिंतीच्या खालच्या बाजूला, बाभळीपासून दोनशे पावलांवर, चौकटी काढल्या होत्या आणि लिहिलं होतं: वस्ती, चाळीस घरं.

तिने आकाशला फोन केला आणि सांगितलं की आपण दोघांनी संध्याकाळी तुझ्या घरी असायला हवं.

"कोण आहे गं तो?" आकाशने विचारलं. "गंधाली, सांग ना यार. आपल्यातला आहे?"

संध्याकाळी घरीच बोलू, म्हणत तिने फोन ठेवला.

५

ते पोहोचले तेव्हा उन्हं गॅलरीत उतरली होती. भाऊराव जमिनीवर बसून नव्या कुंडीत गवती चहाचं रोप लावत होते. दोघांनाही पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

त्यांनी ओंजळीने माती टाकली. तिच्यावर आडवा हात ठेवून चार बोटं मोजली. तांब्यातून पाणी शिंपडलं. मग मूठ वळून कडेने आत, आतून कडेकडे, अशी ती माती ठोकली. मग पुन्हा ओंजळ. पुन्हा चार बोटं.

"बघ," शांताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "कुंडीत धरण बांधतो. मुळं जाणार कुठे त्या बिचाऱ्याची?"

गंधालीने पट्टी काढली नाही. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर, हे तिला न मोजता दिसत होतं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

चौथ्या गोणीतही असेच थर होते, असं ती म्हणाली. माती नाहूरच्या खाडीची होती, पण हात धरणावरचा होता. नुसता चिखल भरला असता तर कदाचित तिला इतका संशय आला नसता. ज्याने ती भरली त्याला माती सैल ठेवणं जमलंच नाही. मग तिने कोपऱ्यातल्या, रोप नसलेल्या कुंडीकडे बोट केलं. लाल मातीला असे तडे जात नाहीत. असे तडे फक्त काळ्या मातीला जातात, आणि ती मुंबईच्या बाजारात मिळत नाही.

"खरी चौथी गोणी तिथे आहे. फेकवली नाही तुमच्याने."

आकाश गॅलरीच्या दारात उभा होता. त्याने आजोबांकडे पाहिलं, मग त्या कुंडीकडे. शांताबाई हात पुसत बाहेर आल्या.

भाऊरावांनी मूठ उघडली आणि तळव्याची माती दुसऱ्या हाताने पुसली.

"रोज सकाळी दोन थेंब शिंपडतो तिच्यावर," ते म्हणाले. "वास येतो."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते नातवाकडे न बघता कुंडीकडे बघत बोलत होते. कड घसरली त्या दिवशी बाभळीसमोर कातळ लागला नव्हता. अजून पुरुषभर तरी खाली होता. कामावरच्या सरकारी साहेबाचं म्हणणं होतं, खणा, पाऊस तोंडावर आहे. भाऊरावांनी बायांना खाली उतरवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चराच्या काठावर उभे राहिले तर पहिली उतरायला निघाली ती शांताच. दोन दिवस अंगाला सूज, तरी डोक्यावर घमेलं. म्हणाली, माझी चप्पल सापडते का बघते.

त्यांनी कुणालाच उतरू दिलं नाही. चराच्या तळाशी मोठ्या सपाट फरशा टाकल्या आणि त्यांच्या भोवती माती भरून जड धुमसाने ठोकली. चार बोटं, पाणी, धुमस. चार बोटं, पाणी, धुमस. वरून दोन हातांएवढाच दगड उघडा राहील असा. साहेब आला. त्या काळी कातळ लागला की नाही ते पहार मारून बघायचे. मातीत पहार रुतते, कातळावर वाजते.

"सायबानं पहार मारली. फरशी वाजली. सायबानं लिहिलं, कातळ लागला."

शांताबाई खाली बसल्या. पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्याच पावसात निरोप आला, बाभळीखाली ओल दिसते. त्याच महिन्यात मी मुंबई धरली. जन्मात दोनदा खोटं बोललो, पोरी. दोन्ही वेळा माती नीट ठोकून."

आकाशने विचारलं, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखीचा वाटला नसावा: "मग मला का नाही सांगितलंत आजोबा? मी काय परका आहे?"

"तुला काय सांगू? कागद म्हणतो कातळ लागला. म्हाताऱ्याच्या बोलण्यावर कोण खणतं? माती नापास झाली तर खणतील, वाटलं." त्यांनी आत कॉटखालच्या ट्रंकेकडे बोट केलं. "आणि तू शाळेत निबंध लिहिला होतास. माझे आजोबा आणि त्यांचं धरण. तो अजून त्या ट्रंकेत आहे."

आहे त्या उंचीवर धरण झिरपत झिरपत टिकलं होतं. चार फूट पाणी वाढलं की तीच ओल ओढ्यासारखी धावेल, भिंत खालून पोखरेल. आणि समोर चाळीस घरं, सगळी आपलीच माणसं. गोण्या घरात आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांना काहीतरी करता येण्यासारखं दिसलं होतं.

गंधालीने सांगितलं की माती तेवढी नापास करून भागलं नसतं. नवा नमुना मागवला असता आणि तो पास झाला असता. खणतील ते एकाच कारणाने, बांधणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तर. हे ती अहवालात नाव न घेता लिहू शकत होती. बांधकामावरील एका व्यक्तीच्या सांगण्यानुसार, एवढंच. तसं तिने सुचवलंही.

भाऊराव उठले. आत जाऊन हात धुतले, चष्मा लावला आणि परत आले.

"नाव लिही," ते म्हणाले. "भाऊराव, मुकादम. सही मी करतो. नाव नसलं तर परत पहार मारून बघतील आणि फरशी परत वाजेल."

गंधालीने त्यांचं सांगणं कागदावर उतरवलं, आणि आकाशने खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. त्याने सहीची जागा दाखवली आणि हात त्यांच्या खांद्यावर तसाच ठेवला.

"जागा तुम्हालाच दाखवावी लागेल आजोबा. मला फक्त बाभूळ माहितीये."

६

अहवाल शुक्रवारी गेला. पाच नमुने योग्य. चौथा नमुना जागेवरचा नाही. साखळी १२० येथे चराचा तळ कातळापर्यंत गेला नसावा, मुकादमाचं निवेदन सोबत. चर उघडून कातळापर्यंत नेल्याशिवाय भिंत उंच करू नये. निहार सरांनी तो दोनदा वाचला आणि निवेदनाच्या पानाला नुसता हात लावून खाली ठेवला. संस्थेने काम थांबवलं नाही, क्रम बदलला. आधी चर, मग भिंत. मंडळात दोन-चार जण नको ते बोलले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना गप्प केलं ते प्रितमने.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत जुनी माती टाकून द्यायचा दिवस होता. किरण मोहदऱ्याच्या गोण्या उचलायला लागला तशी गंधालीने त्या बाजूला ठेवायला सांगितल्या. कुंडीतली माती मात्र गॅलरीतून केव्हाच निघाली होती. भाऊराव ती पिशवीत भरून सोबत घेऊन गेले होते. जिथली होती तिथे टाकायला.

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे वाऱ्याचा मोठा आवाज.

"पोरी, मी शांताबाई. भिंतीवर उभी आहे."

"पाणी पाहिलंत?"

शांताबाई वाऱ्यावरून आवाज चढवून बोलल्या.

"थोडंच आहे गं. उन्हाळा ना. मध्ये डबकं आहे, बाकी भेगाळलेलं. मला वाटलं होतं..." त्या थांबल्या. "पण तीन बगळे आहेत. मी मोजले. पावसाळ्यात परत येऊ म्हणाला. पुढच्या साली नाही म्हणाला, श्रावणात म्हणाला."

गंधालीने विचारलं, आजोबा कुठे आहेत.

तो कुठे असणार, शांताबाई म्हणाल्या. यंत्राने चर उघडला, फरशीपर्यंत गेले, तेव्हापासून खालीच आहे. पाणी बघ म्हटलं तर बघत नाही. आकाशने बाजूंना लाकडी टेकू लावलेत, ते म्हाताऱ्याने तीनदा हलवून बघितले, मगच पोराला उतरू दिलं. चप्पल सापडली नाही. मातीने खाल्ली असणार.

"थांब, ऐकवते."

फोन बहुधा त्यांनी चराकडे धरला. दुरून माणसांचा गलबला आला, मग तो शांत झाला. पहार दगडावर पडली. स्वच्छ, पोकळ, लांबवर वाजणारा आवाज. कातळ लागल्यासारखा.

मग भाऊरावांचा आवाज आला. चराच्या तळातून आल्यामुळे तो बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"फसू नका. फरशी उचला. अजून खाली आहे."